पक्षी उडेनात तो हंगाम

आमच्या गावात तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. लहानपणी ती बापाच्या होडीत पुढच्या फळीवर बसायची आणि मोठ्या माणसांना "डावीकडे घ्या, अहो डावीकडे!" असं दरडावायची. तेव्हा बापानेच तिला कप्तान म्हणायला सुरुवात केली. ते नाव असं चिकटलं की लग्न झालं, नवरा गेला, केस पिकले, तरी ती कप्तानच राहिली. बँकेतला नवा माणूससुद्धा "कप्तान, इथे सही करा" म्हणतो आणि मग जीभ चावतो.

माझं दुकान धक्क्याला लागून आहे. दोर, साखळ्या, रंग, इंजिनाचं तेल असलं सामान मी विकतो. दुकानाच्या दारातून तिकीट खिडकी दिसते, तिची लाँच दिसते आणि मागे तिच्या घराची समुद्राकडची खोली दिसते. त्यामुळे त्या वर्षी जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं तिने मला नंतर सांगितलं. एका बैठकीत नाही. कधी दोर कापून घेताना, कधी उगीच पायरीवर टेकलेली असताना, असं तुकड्यातुकड्यांनी.

धक्क्यावर 'संरक्षित उपसागर' अशी सरकारी पाटी आहे. आम्ही नुसती खाडी म्हणतो. आत लहानमोठी बेटं आहेत. कड्याच्या बेटावर पाणकावळे असतात, पलीकडच्या खडकांवर कुरव, ज्यांना पाहुणे सीगल म्हणतात, आणि मधल्या सपाट वाळूच्या बेटावर सुरय. सुरय म्हणजे डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा, लाल चोचीचा, अंगाने शिडशिडीत पांढरा पक्षी. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते कुठून कुठून येतात, वाळूतच अंडी घालतात आणि पिल्लांच्या पंखांत बळ आलं की निघून जातात. तेवढे महिने त्या बेटावर असा कलकलाट चालतो की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि पक्षी मोठा तापट. लाँच जवळ गेली की सगळे एकदम उठणार, डोक्यावर झेपावणार, चोच मारणार, अंगावर घाण करणार. कप्तान पाहुण्यांना धक्क्यावरच बजावायची, "टोपी असेल तर घाला. नसेल तर नंतर माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही."

तिचे वडील, आबा, तरुणपणी याच बेटावरून सुरयांची अंडी टोपल्या भरभरून आणत. त्या काळी त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मग खाडी संरक्षित झाली आणि अंड्याला हात लावणं गुन्हा ठरलं. आबा बरेच दिवस तोंड पाडून बसले म्हणे. नंतर एका सकाळी त्यांनी सगळ्या टोपल्या जाळल्या आणि होडीत बाकं ठोकून घेतली. "लोकांना पक्षी बघायचेत ना, दाखवू की," म्हणाले. त्या होडीच्या पुढे दोन लाँच झाल्या. एक कप्तान चालवायची, दुसरी तिचा धाकटा भाऊ. भाऊ म्हणजे तोंडाने गोड, हाताने उदार, आणि कुठलीही वाईट बातमी आली की आधी हसणारा. त्याचं वाईट कधी कुणी चिंतलं नाही. पण 'नको' हा शब्द त्याच्या कानात शिरतच नसे.

आबांना आदल्या वर्षी झटका येऊन गेला होता. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, पण बोलणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, जीभ ठीक आहे, घसाही ठीक आहे. "बोलता येत नाही असं नाही, बोलत नाहीत." कप्तान रोज त्यांना खिडकीशी खुर्चीत बसवायची, खाडीकडे तोंड करून. ते बघत बसायचे. हाक मारली तर मान वळवायचे, एवढंच. भाऊ संध्याकाळी येऊन त्यांच्यापुढे गावभरच्या गप्पा मारायचा, नकला करायचा, एकदा तर शीळ वाजवत नाचला. आबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. भाऊ बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. माझ्याकडे बघून म्हणाला, "वाऱ्याने धूळ गेली डोळ्यात." वारा पडलेला होता.

त्या हंगामात पाहुणे भरपूर आले. त्यातल्या एका दिवशी आकाश स्वच्छ होतं, पाणी शांत होतं, आणि तरी कप्तानला सकाळपासून करमत नव्हतं असं ती नंतर म्हणाली. कारण विचारलं तर तिला सांगता आलं नाही. धक्क्यावर वारा बेटाकडून येत होता. अशा वाऱ्यावर सुरयांचा आवाज माझ्या दुकानापर्यंत यायला हवा, तो येत नव्हता. मीही त्या दिवशी गिऱ्हाईकांशी हळू आवाजात बोलत होतो, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

लाँचमध्ये एक मोठं कुटुंब होतं, काही कॉलेजची मुलं होती, गळ्यात लांब नळीचा कॅमेरा लटकवलेले एक गृहस्थ होते. सपाट बेट जवळ आलं तसं कप्तानने इंजिन मंद केलं. सगळ्यांनी डोक्यावर टोप्या, ओढण्या, पिशव्या घेतल्या आणि वर बघायला लागले.

पक्षी उठले नाहीत.

ते वाळूत बसून होते. शेकडो पांढरे ठिपके, जिथल्या तिथे. लाँच नेहमीच्या खुणेपर्यंत आली तरी ते तसेच.

"अरे वा!" कॅमेरावाले गृहस्थ खूश झाले. "किती माणसाळलेत हो! जरा अजून पुढे घ्या ना."

"पुढे जायला परवानगी नाही," कप्तान म्हणाली.

"ते उडत नाहीयेत म्हटल्यावर त्यांना काय त्रास होणारे?"

कप्तान पाण्याकडे बघत होती. लाँचच्या उजव्या अंगाला एक सुरय पाण्यावर तरंगत होता आणि स्वतःभोवती गोल गोल फिरत होता. त्याची मान मागे वळून पाठीला टेकली होती, चोच आकाशाकडे. एक पंख पाण्यात आपटत तो फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा.

"आई, तो बघ, नाचतोय!" कुटुंबातली छोटी मुलगी टाळ्या पिटत म्हणाली. सगळे हसले. कुणी मोबाइल काढले.

कप्तानने इतक्या वर्षांत पक्षी मरताना पाहिले नव्हते असं नाही. वादळात मरतात, घार उचलते, दोरात पाय अडकतात. पण असा पक्षी तिने कधी बघितला नव्हता. ती मला म्हणाली, "मला वाटलं, हे बघायला आपण इथे नसायला हवं होतं." तिने लाँच फिरवली. पाहुणे कुरकुरले, लवकर परत नेलं म्हणून. त्यांना ती एवढंच म्हणाली, "इंजिन गरम झालंय."

धक्क्याला लाँच बांधली न बांधली तोच ती खाडीच्या राखणदाराकडे गेली. हा राखणदार उंच, हडकुळा माणूस. झोपेतसुद्धा गळ्यात दुर्बीण असते अशी त्याची ख्याती, म्हणून सगळे त्याला दुर्बीणच म्हणतात. त्याचं ऑफिस म्हणजे धक्क्याच्या टोकाची एक खोली, टेबल, टेलिफोन आणि भिंतीवर बेटांचा नकाशा. कप्तान सांगत होती आणि तो ऐकत होता. मान पाठीला टेकलेली, हे ऐकल्यावर तो उठून उभा राहिला.

"तू हात लावलास?"

"नाही."

"पाहुण्यांपैकी कुणी?"

"नाही. का? काय आहे?"

दुर्बीणने दार लोटून घेतलं. "वरच्या किनाऱ्यावर महिनाभरापूर्वी साथ सुरू झालीय. पक्ष्यांचा ताप. तिकडे सगळ्या वसाहती साफ झाल्यात असं म्हणतात. मी देवाला हात जोडून होतो, इकडे येऊ नये म्हणून."

"माणसांना होतो?"

"क्वचित," तो म्हणाला. "झाला तर वाईट."

त्याने मोठ्या गावातल्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पांढरा झगा, हातमोजे, तोंडावर जाड मुखपट्टी अशा वेषात दुर्बीणबरोबर बेटावर गेल्या, मेलेले पक्षी पिशव्यांत भरून घेऊन गेल्या. तपासणी व्हायला वेळ लागणार होता. बंदीचा हुकूम तपासणीशिवाय निघणार नव्हता. "पण हुकमाची वाट बघू नका," बाई जाताना सगळ्यांसमोर म्हणाल्या. "लाँच बांधून ठेवा. आणि पक्षी दिसला, जिवंत किंवा मेलेला, तर हात लावू नका. कुत्र्यामांजरांनाही जाऊ देऊ नका."

कप्तानने त्याच दिवशी तिकीट खिडकी बंद केली. बहीणभावाचं भांडण माझ्या दुकानासमोरच झालं.

"ताई, चार पक्षी मेले म्हणून आख्खा हंगाम घालवायचा?"

"चार नाहीत. आणि घालवायचा."

"हुकूम कुठाय? दाखव ना. सगळ्या गावाला तूच घाबरवणार का? उद्या पाहुणे दुसऱ्या किनाऱ्यावर जातील ते परत येणार नाहीत."

"जाऊ देत. तू लाँच काढायची नाहीस."

"माझी लाँच आहे," भाऊ म्हणाला आणि नेहमीसारखा हसला. "एवढं काय ते. मी लांबून दाखवून आणतो."

तो दोन दिवस पाहुणे नेत राहिला. तिने त्याच्याशी बोलणं सोडलं. खाडीचा उरलासुरला आवाजही उतरत गेला, जसा दूरच्या खोलीतला रेडिओ कुणी हळूहळू बारीक करत जावा तसा. भरतीबरोबर पांढरं काहीतरी धक्क्याच्या खांबांना येऊन लागायला लागलं. मी सकाळी दुकान उघडायला आलो की आधी पाण्याकडे बघायचो आणि मग बघायचंच टाळायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी कप्तान दुर्बीणच्या ऑफिसातून घरी आली. ओट्यावर चप्पल काढत होती तेवढ्यात आतून तिला आवाज ऐकू आला. कुणीतरी बोलत होतं. घोगरा, खरवडल्यासारखा आवाज, पण तिने तो पहिल्याच शब्दाला ओळखला.

"…वाऱ्याच्या बाजूने जायचं नाही कधी. त्यांना वास लागत नाही, पण वाळू उडते ना अंड्यांवर. मागून यायचं. वाकून."

आबा बोलत होते.

ती धावत आत गेली. आबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मांडीवर जुना टॉवेल होता आणि टॉवेलात एक सुरय. आबांचा एक हात त्याच्या पाठीवर होता, दुसऱ्या हाताच्या बोटाने ते त्याच्या चोचीला पाण्याचा थेंब लावत होते. भाऊ समोर जमिनीवर मांडी घालून बसला होता, लहान पोरासारखा, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"ताई," तो कुजबुजला, "ऐक. ऐक ना. बोलतायत."

आबांनी वर बघितलं. "कप्तान," ते म्हणाले. "ये. बस. दमलाय बिचारा. लांबून आलाय."

हा प्रसंग सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. दुकानातल्या साखळीचा एक एक दुवा बोटाने सरकवत होती. म्हणाली, "मला काय करायला हवं ते कळत होतं. पहिल्या क्षणापासून कळत होतं. आणि मी खाली बसले."

ती बसली आणि आबा बोलत राहिले. टोपल्या कशा विणायच्या ते सांगितलं. एका अंड्याच्या घरट्यातलं अंडं उचलायचं नाही, दोन असतील तर एकच घ्यायचं, असं त्यांच्या बापाने शिकवलं होतं ते सांगितलं. त्यांची बायको, म्हणजे या दोघांची आई, पहिल्यांदा बेटावर आली तेव्हा सुरयाने तिच्या अंबाड्यातला आकडा पळवला होता, ते सांगून ते हसले. बहीणभावाने ती गोष्ट कधी ऐकली नव्हती. सुरयाची मान हळूहळू एका बाजूला वळत होती. आबा ती दोन बोटांनी सरळ करायचे. ती पुन्हा वळायची.

ऊन खिडकीच्या चौकटीवरून खाली उतरलं तेव्हा कप्तान उठली. मोरीतून बादली आणली. स्वयंपाकघरातले हातमोजे घातले, तोंडाला ओढणी गच्च बांधली. तिला तसं बघून भाऊच्या तोंडावरचा रंग उडाला.

"ताई, नको. जरा वेळ अजून. उद्या सकाळी ने."

"तो कुठे सापडला तुला?"

"लाँचवर. माझ्या लाँचवर येऊन पडला होता. मला वाटलं, आबांना जरा विरंगुळा…"

"सरक."

तिने आबांच्या मांडीवरून टॉवेल पक्ष्यासकट उचलला. आबांनी विरोध केला नाही. त्यांचे हात मांडीवर तसेच ओंजळीसारखे राहिले. "पाणी पाजून आणतेस?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"आण मग परत."

"आणते."

डॉक्टरीणबाई त्या दिवशी पुन्हा आल्या होत्या; त्यांनी तो पक्षी धक्क्याच्या टोकाला, ऑफिसच्या मागे सुई देऊन मारला. कप्तान तिथे उभी होती. नंतर तिने आबांचे हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, नखांत ब्रश घालून धुतले. टॉवेल, त्यांचे कपडे, खुर्चीवरची उशी, सगळं जाळलं. आबा धुराकडे बघत होते. त्यांनी एकदाच विचारलं, "कुठाय?" आणि मग तोंड खिडकीकडे वळवलं.

तपासणीचा निकाल आला. साथच होती. बंदीचा हुकूम निघाला, धक्क्याला पिवळी पट्टी लागली, पाहुण्यांच्या गाड्या नाक्यावरूनच परत फिरायला लागल्या. भाऊने आपली लाँच गुपचूप बांधली. त्याच आठवड्यात आबांना ताप चढला.

ताप काही फार नव्हता. खोकला कोरडा होता. म्हाताऱ्या माणसाला असा ताप कशानेही येतो. पण त्या घरात कुणी तसं म्हणायला धजलं नाही. सरकारी दवाखान्यातून झाकलेल्या गाडीतून माणसं आली, आबांच्या घशातला आणि नाकातला नमुना घेऊन गेली. आबांना हलवायचं नाही असं ठरलं. खोलीचं दार बंद. आत फक्त कप्तान, तीही मुखपट्टी आणि झगा घालून. कप्तान आणि भाऊ दोघांनाही गोळ्या सुरू केल्या आणि रोज ताप बघायला सांगितलं.

मी तेव्हा गल्लीतले लोक कसे वागले ते बघितलं. कुणी वाईट वागलं नाही. भाजी दारात ठेवून जायचे, पण दार वाजवायचे नाहीत. मुलांना त्या बाजूने खेळायला पाठवायचे नाहीत. मीसुद्धा त्यांच्या ओट्याजवळून जाताना श्वास रोखायचो, आणि पुढे गेल्यावर मला माझीच लाज वाटायची.

भाऊ घरात जात नव्हता. तो बाहेर, आबांच्या खिडकीखाली, उलट्या घातलेल्या बादलीवर बसायचा. सकाळी यायचा आणि अंधार पडला की जायचा. त्याचं हसणं कुठे गेलं कुणास ठाऊक. मी एकदा चहा घेऊन गेलो तर म्हणाला, "दादा, मला वाटलं मी त्यांना काहीतरी चांगलं दिलं."

"दिलंस की," मी म्हणालो. "बोलले ना ते."

तो माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की मी कप तिथेच ठेवून परत आलो.

याच दिवसांत बेट साफ करायचं काम निघालं. मेलेले पक्षी पडून राहिले की कुरव त्यांना टोचतात, मग कुरव मरतात, मग कुरवांना खाणारे मरतात. दुर्बीणकडे माणसं नव्हती. लोकांना त्या बेटाचं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा. कप्तान आबांना सकाळची औषधं देऊन लाँच घेऊन त्याच्याबरोबर जायला लागली. पांढरे झगे, रबरी बूट, लांब चिमटे, काळ्या पिशव्या.

मी बेटावर गेलो नाही, पण तिने सांगितलं ते असं. वाळू दिसत नव्हती. काही पक्षी अंड्यांवर बसल्या बसल्या मेले होते, त्यामुळे लांबून ते जिवंतच वाटायचे. जवळ गेलं की कळायचं. काही जिवंत होते. ते माणूस समोर उभं राहिलं तरी हलायचे नाहीत, नुसते बघायचे. पिल्लं मेलेल्या आईच्या पंखाखाली शिरून बसली होती आणि चोच वासून खायला मागत होती. कप्तान एकदाच थांबली, चिमटा टाकून पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. दुर्बीण तिच्या मागे आला. थोड्या वेळाने त्याने तिचा चिमटा उचलून तिच्या हातात दिला. रोजचं काम झाल्यावर परतताना ते दोघे लाँचमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसायचे, आणि मागे पिशव्यांचा ढीग.

काही दिवसांनी सकाळी धक्क्यावर तिसरा माणूस उभा होता, पांढरा झगा घालून. भाऊ होता. झगा त्याला आखूड होत होता.

"तू नको," कप्तान म्हणाली. आबांच्या मांडीवरून पक्षी नेला त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती.

"मला पिशव्या उचलू दे," तो म्हणाला. "आबांच्या खिडकीखाली बसून मला वेड लागेल, ताई."

तिने त्याला लाँचमध्ये घेतलं. त्याने दिवसभर पिशव्या उचलल्या. परत आल्यावर झगा उतरवून, अंग धुऊन, दुकानाच्या पायरीवर येऊन बसला आणि मला म्हणाला, "अजून काही जगलेत. कडेला, दगडांत. थोडेसे. ते माझ्यावर धावून आले." तो ते असं सांगत होता जसं कुणी आजारी माणसाने आज दोन घास खाल्ले म्हणून सांगावं.

आबांचा निकाल यायला फार दिवस लागले. ताप तोवर उतरला होता, पण कुणी सुटकेचा श्वास टाकला नव्हता, कारण असा ताप उतरून पुन्हा चढतो असं कुणीतरी सांगितलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंचाच फोन आला, दुर्बीणच्या ऑफिसात. तो धक्क्यावरून धावत आला, दुर्बीण छातीवर आपटत होती. "साथ नाही!" तो लांबूनच ओरडला. "साधा ताप होता. साधा!"

भाऊने तिथेच धक्क्याच्या फळ्यांवर बसकण मारली. कप्तान उभी राहिली. तिने झग्याच्या गाठी सोडायला घेतल्या, त्या सुटेनात, मग मी कात्री आणून दिली.

खोलीचं दार उघडलं. खिडकी उघडली. आबांना खुर्चीत बसवलं. भाऊ त्यांच्यासमोर मांडी घालून बसला, पूर्वीसारखा, आणि म्हणाला, "आबा, ती आकड्याची गोष्ट पुन्हा सांगा ना. आईच्या अंबाड्यातल्या."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. मग कप्तानकडे बघितलं, बराच वेळ. आणि खाडीकडे तोंड फिरवलं.

ते पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यानंतर एक हिवाळा काढून ते गेले, झोपेत, काही त्रास न होता. डॉक्टर म्हणाले, वयामुळे. कप्तानला ते मान्य आहे. पण एकदा मला म्हणाली, "त्या दिवशी मी ऊन उतरेपर्यंत थांबले. त्यातच काही झालं असतं तर? आणि कधी कधी उलटंच मनात येतं. अजून तासभर थांबले असते तर अजून काय काय बोलले असते. दोन्ही विचार एकाच वेळी येतात. मी कुठला खरा मानू?" मी दोर गुंडाळत राहिलो.

पुढच्या हंगामात पक्षी आले, पण मोजके. सपाट बेटाचा अर्धा भाग रिकामाच राहिला. वाळूवर गवत वाढलं. बंदी उठली, पाहुणेही आले, आणि ज्यांनी ही खाडी पूर्वी पाहिली नव्हती त्यांना ती सुंदरच वाटली. भाऊने लाँच विकली. आता तो आतल्या रस्त्यांवर मालवाहू गाडी चालवतो, समुद्रापासून लांब. महिन्यातून एकदा येतो, कप्तानच्या हातचं जेवतो, पण खाडीकडची खिडकी समोर येणार नाही अशा बाजूला बसतो. दोघांत भांडण उरलेलं नाही. बोलणंही फारसं उरलेलं नाही.

कप्तान एकटी लाँच चालवते. दुर्बीणने तिला राखणदारीत मदतनीस म्हणून घेतलंय. पाहुण्यांच्या आधी, रोज पहाटे, ती खाडीला एक फेरी घालते. परत आली की दुकानासमोरून जाताना नुसती मान हलवते, म्हणजे सगळं ठीक.

गेल्या आठवड्यात तिने मान हलवली नाही. सरळ दुर्बीणच्या ऑफिसात गेली. मी दुकानाच्या दारात उभा राहिलो. थोड्या वेळाने दोघे बाहेर आले आणि धक्क्याच्या टोकाशी उभे राहून कड्याच्या बेटाकडे बघायला लागले, जिथे पाणकावळे असतात. दुर्बीणने गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या हातात दिली. तिने डोळ्यांना लावली आणि लावूनच ठेवली.

नंतर मी दुर्बीणला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एकच पाणकावळा आहे. एक पक्षी दरवर्षी मरतोच. कशानेही मरतो." नमुना पाठवलाय, निकाल यायचाय. त्याने ते हसून सांगितलं, आणि इतक्या वर्षांत मी त्याला हसताना पाहिलेलं नव्हतं.

कप्तानने त्या दुपारी तिकीट खिडकी उघडली नाही. पाहुणे विचारत होते, लाँच कधी सुटणार. ती धक्क्यावर उभी राहून प्रत्येकाला तेच सांगत होती.

"आज नाही. घरी जा. आज नाही."